चाकांवरचं घर – लेखांक ८ : एका वेळी एकच वीज

मागच्या लेखांकात आपण ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत आलो होतो. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर चालणारे दिवे आणि पाण्याचा पंप, शिवाय त्या १२ व्होल्टचे १२० व्होल्ट करून मिक्सर-लॅपटॉप चालवणारा इन्व्हर्टर. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळच्या वाळवंटात हिवाळ्यात कितीतरी ट्रेलर एवढ्यावरच मुक्काम ठोकून असतात. पण बहुतेक मंडळी अधूनमधून कॅम्पग्राउंडवरही उतरतात. तिथे प्रत्येक जागेशेजारी विजेचा एक बुटका खांब असतो. ट्रेलरची जाड केबल त्याच्या सॉकेटात बसवली की आत घरासारखी वीज येते. तिकडे हिला ‘शोअर पॉवर’ म्हणतात, आपण खांबाची वीज म्हणू.

आता इन्व्हर्टर आहे आणि खांबही आहे. दोन्हींवर तीच उपकरणं चालवायची, तर जोडणी कशी करायची?

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही. लाईट गेली की कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरमधून ‘टक्’ आवाज येतो आणि पंखा फिरत राहतो. त्या पेटीत खरं तर तीन कामं एकत्र असतात: बॅटरी चार्ज करणं, बॅटरीची वीज उलट फिरवून एसी करणं, आणि मेन आहे की गेली हे पाहून लाईन इकडून तिकडे करणं. ‘टक्’ होतो तो या तिसऱ्या कामाचा. अमेरिकेतल्या साध्या ट्रेलरमध्ये कारखान्यातून फक्त पहिलं यंत्र येतं, त्याला ते लोक ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. इन्व्हर्टर मालक हौसेने नंतर आणतो. तिसरं यंत्र आणायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही, आणि सगळे घोटाळे तिथून सुरू होतात.

दोन्ही विजा एकाच वेळी एका तारेवर आल्या तर काय होतं, ते आधी पाहू. अमेरिकेतली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला साठ वेळा ती सुमारे १७० व्होल्टच्या शिखरावर जाते आणि तितक्याच खोल उतरते. इन्व्हर्टरही साठ वेळाच चढ-उतार करतो, पण त्याचा चढ खांबाच्या चढाशी जुळेलच असं नाही. एकाच झोपाळ्याला दोघांनी आपापल्या तालात झोके द्यावेत, तसं हे आहे. ताल अगदी उलटा पडला तर दोघांमधला फरक क्षणभर ३४० व्होल्टपर्यंत जातो. कॅम्पग्राउंडमागे अख्खं ग्रिड उभं असतं, त्याला काही होत नाही. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत जळतात.

याहून वाईट धोका खांब जोडलेला नसताना असतो. इन्व्हर्टर ट्रेलरच्या डीबीला, म्हणजे ब्रेकरच्या पेटीला, सरळ जोडला, तर डीबीमधून निघालेल्या केबलच्या टोकालाही वीज पोचते. त्या टोकाला प्लगच्या उघड्या पिना असतात. केबल गुंडाळून ठेवायला म्हणून कुणी हात लावला की १२० व्होल्टचा शॉक. केबल खांबाला जोडलेली आहे आणि कॅम्पग्राउंडची वीज गेली, तर हीच वीज बाहेरच्या लाईनवर उलटी चढू शकते. जनरेटर असा उलटा जोडल्यामुळे लाईनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो, हे आपल्याकडेही वेगळं सांगायला नको.

त्यामुळे एका वेळी एकच वीज, हा नियम. तो पाळायची सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे ट्रेलरची केबल खांबातून काढून सरळ इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावणं. मध्ये एक ॲडॅप्टर लागतो, बस्स. एका प्लगला दोन सॉकेटात बसता येत नाही, म्हणून ही युक्ती दिसते तितकी गावठी नाही. पण तिच्यात एक खोड आहे. केबलमधून डीबीला वीज मिळाली की कन्व्हर्टर इमानदारीने जागा होतो आणि बॅटरी चार्ज करायला लागतो. कुठल्या विजेवर? त्याच बॅटरीच्या! ५५ ॲम्पिअरचा कन्व्हर्टर पूर्ण जोरात असेल तर बॅटरीला साधारण ७५० वॅट देतो आणि त्यासाठी तिच्यातूनच हजाराच्या आसपास वॅट उपसतो. मधला फरक उष्णता होऊन जातो, आणि सकाळी माणूस म्हणतो, बॅटरीच खराब निघाली. तेव्हा हा मार्ग धरलात तर कन्व्हर्टरचा ब्रेकर आधी पाडायचा, फ्रीज गॅसवर घ्यायचा आणि गीझरची विजेची बाजू बंद करायची. दर वेळी, न विसरता. माणसाच्या स्मरणशक्तीवर मी इतका भार टाकणार नाही.

दुसरा मार्ग चेंजओव्हरचा, म्हणजे ट्रान्स्फर स्विचचा. त्याला दोन बाजूंनी वीज येते, एक खांबाची आणि एक इन्व्हर्टरची, आणि बाहेर एकच लाईन जाते. आतल्या रिलेची रचनाच अशी, की एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागत नाही. कन्व्हर्टरची तार या स्विचच्या अलीकडे, फक्त खांबाच्या बाजूला घ्यायची. मग तो इन्व्हर्टरवर कधी चालूच शकत नाही, आणि मघाची खोड मुळातून जाते. एअर कंडिशनरही अलीकडेच ठेवावा. बाकी सॉकेट आणि मायक्रोवेव्ह एका छोट्या वेगळ्या डीबीवर घेऊन ती स्विचच्या पलीकडे बसवायची.

हा स्विच घेताना दुकानात एक गोष्ट तपासा: तो फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो ना? हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग असल्याने इथे जरा थांबू.

घरात न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारा मुख्य पुरवठ्यापाशी एकदाच जोडलेल्या असतात. फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर करंट अर्थच्या तारेतून त्या जोडापर्यंत जातो, तिथून आपल्या उगमाकडे परततो, आणि परतीची वाट मोकळी असल्याने इतका मोठा होतो की ब्रेकर पडतो. ट्रेलरची डीबी ही कॅम्पग्राउंडच्या पुरवठ्याची एक फांदी मानली जाते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचं ५५१ वं कलम ट्रेलरच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ वेगळेच ठेवायला सांगतं. जोड बाहेर, कॅम्पग्राउंडच्या मुख्य पुरवठ्यात असतो.

आता केबल काढा आणि इन्व्हर्टर लावा. बाहेरचा जोड गेला. इन्व्हर्टरने स्वतः जोड दिला नाही, तर पत्र्याला लागलेल्या फेजला परतीची वाटच उरत नाही. ब्रेकर पडत नाही, दिवे छान लागतात आणि बिघाड गुपचूप बसून राहतो. उलट, इन्व्हर्टरमध्ये जोड कायमचा असेल आणि स्विच फक्त फेज बदलत असेल, तर खांबावर असताना जोड दोन होतात. परतणारा करंट न्यूट्रल आणि अर्थ या दोन्ही तारांत वाटला जातो, त्यातला काही ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यातूनही फिरतो. असल्या गळतीवर लक्ष ठेवणारा ब्रेकर (आपल्या आरसीसीबीचा भाऊबंद) खांबावर असेल तर पडतो. मालक खांबाला दोष देतो, कॅम्पग्राउंडवाला ट्रेलरला.

वाहनांसाठी नीट बनवलेले इन्व्हर्टर-चार्जर हे काम रिलेने करतात: बॅटरीवर असताना जोड लावायचा, खांब आला की सोडायचा. खरेदीच्या वेळी यूएल ४५८ हे मानक शोधा, ते वाहनांतल्या आणि बोटींतल्या उपकरणांसाठी आहे. स्वस्तातल्या काही इन्व्हर्टरांत तर न्यूट्रल असा नसतोच. दोन्ही तारा अर्थपासून साठ-साठ व्होल्टवर असतात. त्यातली कुठलीही तार अर्थला जोडणं म्हणजे असा इन्व्हर्टर जाळायला आमंत्रण.

रंगांचंही सांगून ठेवतो. आपल्याकडे काळी तार न्यूट्रल, अमेरिकेत काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल. त्याच इन्व्हर्टरच्या बॅटरीकडच्या बाजूला काळी म्हणजे ऋण. पुण्या-नाशकात घरचं वायरिंग स्वतः करणारे हुशार काका मुलाकडे डॅलसला गेले की मदतीला धावतात, त्यांनी मीटर लावल्याशिवाय तिकडच्या काळ्या तारेवर भरवसा ठेवू नये.

तिसरा मार्ग वर आलाच: इन्व्हर्टर-चार्जर, म्हणजे तिन्ही कामं एका पेटीत, आपल्या घरच्यासारखी. महाग आहे, पण वर्षातून महिनाभर तरी ट्रेलरमध्ये राहणाऱ्याने हाच घ्यावा, असं माझं मत. एक मात्र करायचं: कारखान्यातून आलेला कन्व्हर्टर आता कायमचा बंद. खांब गेला तर चांगला इन्व्हर्टर-चार्जर वीसेक मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, मायक्रोवेव्हच्या घड्याळालाही पत्ता लागत नाही.

या पेटीतली खरी कामाची सेटिंग म्हणजे खांबाकडून जास्तीत जास्त किती करंट घ्यायचा ती. साध्या खांबावर ३० ॲम्पिअर मिळतात, १२० व्होल्टच्या हिशेबाने ३,६०० वॅट. दुपारी एअर कंडिशनर दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह दीड हजार, आणि १०० ॲम्पिअरचा चार्जर रिकाम्या बॅटरीवर तेवढेच. तिन्ही एकदम चालले की खांबाचा ब्रेकर पडणारच. मर्यादा घातली की चार्जर आपणहून हात आखडता घेतो. मित्राच्या घरासमोर उभे राहून साध्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटावर काम भागवायचं असेल तर मर्यादा १२ वर आणायची. व्हिक्ट्रॉनच्या मल्टीप्लससारखे काही इन्व्हर्टर तर कमी पडणारी वीज बॅटरीतून भरतात. म्हणजे दोन विजा एकत्र चालतात! आपल्या नियमाला हा एक अपवाद, कारण तो इन्व्हर्टर आधी खांबाच्या लहरी मोजतो, आपल्या लहरी त्यांच्याशी तंतोतंत जुळवतो आणि मगच हात मिळवतो.

खांबाच्या खरेपणाची खात्री मात्र कुठलाही इन्व्हर्टर पूर्णपणे देत नाही. ट्रेलरचं ३० ॲम्पिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण अमेरिकन घरांत ३० ॲम्पिअरचं सॉकेट बहुधा कपडे सुकवायच्या यंत्राचं, म्हणजे २४० व्होल्टचं. घरासमोर ट्रेलरसाठी सॉकेट बसवून घेताना सवयीने २४० जोडणारे इलेक्ट्रिशियन असतात, आणि मग ट्रेलरमधलं एकही उपकरण वाचत नाही. त्यामुळे खांबाचा ब्रेकर बंद असताना आधी नीट पाहायचं, सॉकेट जळकं-काळवंडलेलं नाही ना. मग ब्रेकर चालू करून मीटरने मोजायचं: फेज ते न्यूट्रल १२० च्या आसपास, फेज ते अर्थ तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य. ब्रेकर पुन्हा बंद, केबल घट्ट बसवायची, ब्रेकर चालू. एवढं झाल्यावरही ट्रेलरच्या पायरीला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर अर्थ तुटलेली आहे असं धरून केबल लगेच काढायची आणि दुसरी जागा मागायची.

पुढच्या लेखांकात छतावरचे सौर पॅनेल या पेटीला कुठे जोडायचे ते पाहू.