चमचाभर औषधाचे गणित

तापलेल्या मुलासाठी डॉक्टर कागदावर ‘पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम’ असे लिहितात. बाटलीतले औषध मात्र पातळ असते आणि ते मिलिलिटरमध्ये मोजून पाजावे लागते. मिलिग्रॅम हे वस्तुमानाचे एकक, तर मिलिलिटर हे आकारमानाचे. मग एकावरून दुसऱ्यावर जायचे कसे? रुग्णालयातील परिचारिका हा हिशेब दिवसातून अनेकदा करतात. तुम्हांलाही तो सहज जमेल.

बाटलीच्या लेबलावर ‘प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम’ असे छापलेले असते. ही झाली औषधाची संहती. हव्या असलेल्या मात्रेला संहतीने भागले, की आकारमान मिळते:

१५० मिग्रॅ × (५ मिलि ÷ १२५ मिग्रॅ) = ६ मिलि

येथे वरचे व खालचे मिलिग्रॅम एकमेकांना छेदतात आणि मिलिलिटर तेवढे उरतात. एखाद्याने अपूर्णांक उलटा मांडला, तर उत्तरात मिलिग्रॅमचा वर्ग येईल. असले औषध कोणत्याच बाटलीत नसते! एककांची ही तपासणी पदार्थविज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते. येथे मात्र ती चूक हातोहात पकडून देते.

आता एक धोका पाहा. हेच औषध ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा संहतीचेही मिळते. त्यातून ३ मिलिलिटरच पुरे. तान्ह्या बाळांसाठी थेंबांची जी इवलीशी बाटली मिळते, तिच्यात तर बहुधा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते; म्हणजे दीड मिलिलिटरमध्ये काम झाले. बाळाचे औषध सौम्यच असणार, असे समजून कोणी त्या बाटलीतून ६ मिलिलिटर पाजले, तर पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाईल. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला घातक असतो. तेव्हा ‘मागच्या खेपेला एवढेच दिले होते’ ही आठवण उपयोगाची नाही. लेबल दर वेळी वाचायला हवे. (मिलिग्रॅम किती द्यायचे, हे मुलाच्या वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायचे. आपला हिशेब त्यापुढचा.)

मोजायला घरातला चमचा घेऊ नये. दोन घरांतले चमचे सारखे नसतात. खुणा असलेले माप सपाट जागी ठेवावे, डोळा द्रवाच्या पातळीत आणावा आणि वक्र पृष्ठाचा सर्वांत खालचा बिंदू वाचावा. प्रयोगशाळेत मोजपात्र वाचतो, अगदी तसेच.

आणखी एक गोष्ट. अशी बरीच औषधे द्रावणे नसून निलंबने असतात. त्यांतील बारीक कण विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात आणि बाटली ठेवून दिली, की गुरुत्वाकर्षणाने हळूहळू तळाशी बसतात. न हलवता ओतले, तर पहिल्या दिवशी औषध कमी जाते आणि बाटली संपत येताना भलतेच जास्त. लेबलावरची संहती खरी असते, ती बाटली नीट हलवल्यानंतरच.