जुना गंजलेला चाकू सापडलाय? घासण्याआधी फोनचा कॅमेरा उघडा

गेल्या खंडेनवमीला मी हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. पूजेसाठी विळे, खुरपी, कोयते बाहेर निघाले आणि देवळीत चिंधीत गुंडाळलेला आजोबांचा घडीचा चाकू सापडला. पोत्याची सुतळी कापायला, आंबा चिरायला तो कायम त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. आता मात्र पातं लालभडक गंजलेलं होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दोन-तीन व्हिडिओ पाहिले, पातं पकडीने ओढून उघडलं, ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावला आणि वीस मिनिटांत चाकू चकाचक! आजीला नेऊन दाखवला. तिने पात्याच्या बुडाशी अंगठा फिरवला आणि विचारलं, "इथं अक्षरं होती की रे. कुठं गेली?"

ती अक्षरं म्हणजे बनवणाऱ्याचा ठसा होता. रोज कोडचा बॅकअप घेणारा मी, पण इथे एक साधा फोटोही काढला नव्हता. त्यानंतर आठवडी बाजारातून आणि भंगारातून आणखी तीन चाकू घेतले आणि नीट शिकलो. तेच तुम्हाला सांगतो.

१. आधी फोटो, मग हात

ठसा बहुतेक वेळा पात्याच्या बुडाशी, मुठीजवळ असतो. खोलीत अंधार करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर, तिरका धरा. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं. तिरक्या उजेडात मात्र खोलगट अक्षरांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि मग गूगल लेन्समध्ये टाका.

ठशावरून बरंच कळतं. इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं सोलिंगेन ही चाकूंची जुनी गावं. तारा आणि त्याशेजारी क्रॉस दिसला, तर ती शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण असू शकते. पण नामांकित कंपन्यांची नक्कलही खूप झाली, त्यामुळे लेन्सचं पहिलं उत्तर म्हणजे फक्त अंदाज समजा.

आणखी एक खूण: स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली बनवलं. म्हणजे 'स्टेनलेस' लिहिलेला चाकू त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

२. पातं उघडत का नाही?

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. बिजागरीच्या फटीत तो फुगतो आणि पातं अडकतं.

आमच्या चाकूत दुसरंही कारण होतं. आजी त्याला करडईचं तेल लावायची. मराठवाड्यात घरोघरी असणारं हे तेल हवेत सुकून चिकट होतं, म्हणून तर ते रंगातही वापरतात. तेव्हा बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी हळूहळू उघडा. पकड लावू नका, ओरखडे पडतात. बोटं धारेच्या वाटेत येऊ देऊ नका.

३. लाल काढा, काळा ठेवा

लाल गंज पोकळ असतो, ओल धरतो आणि लोखंड खात राहतो. जुन्या पात्यावरचा काळपट-करडा थर मात्र घट्ट बसलेला असतो आणि थोडंफार संरक्षण देतो. तो घासून काढायची गरज नाही.

पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टिश्यू पेपर भिजवून फक्त पात्याभोवती गुंडाळा. दर दहा-पंधरा मिनिटांनी उघडून बघा. व्हिनेगर गंज विरघळवतं, पण जास्त वेळ ठेवलं तर चांगलं लोखंडही खातं. मूठ हाडाची किंवा शिंगाची असेल तर तिला व्हिनेगर लागू देऊ नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, धुवा, पूर्ण कोरडं करा आणि लगेच तेल लावा. चाकूने फळं कापणार असाल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा.

मोबाइलचा चार्जर कापून पाण्यात वीज सोडायचे व्हिडिओही दिसतील. त्या वाटेला जाऊ नका. त्यात स्टीलचा चमचा वापरला तर पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं तयार होऊ शकतात.

४. धारेचा कोन

खिशातल्या चाकूला प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा कोन चालतो. कागदाच्या काटकोनी कोपऱ्याची एकदा घडी घातली की ४५ अंश, पुन्हा घातली की साडेबावीस. हा कागदी त्रिकोण धार लावायच्या दगडावर ठेवून अंदाज घ्या.

मग धारेवर मार्कर पेनने काळी रेघ मारा, दगडावर एकदाच हात फिरवा आणि कॅमेऱ्याने झूम करून बघा. शाई अगदी टोकावरची गेली असेल तर कोन बरोबर. फक्त वरची गेली असेल तर पातं थोडं उचला. टोकाचीच गेली आणि वरची तशीच राहिली असेल तर थोडं खाली झुकवा.

५. कायदाही माहीत असू द्या

२०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराचे त्यातून वगळले आहेत. खिशातला चाकू यापेक्षा बराच लहान असतो, तरी तो घेऊन जत्रेत, मोर्चात किंवा कॉलेजात फिरू नका. पोलिसांचे मनाई आदेश लागू असतात तेव्हा चाकू जवळ बाळगणंच महागात पडू शकतं. विमानाच्या केबिनमध्येही तो चालत नाही. आणि मूठ हस्तिदंताची वाटली तर विकायच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

आजोबांचा चाकू आता आजीच्या देवळीत कोरड्या सुती फडक्यात आहे. पातं सहज उघडतं, धारही छान आहे. पण तो कुठे बनला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आजीला लिहिता-वाचता येत नाही, ती अक्षरं तिला फक्त अंगठ्याने माहीत होती.

पुढच्या वेळी गावी गेलात की घरातला चाकू, अडकित्ता, विळी यांचे जवळून फोटो काढा आणि ते कुणाचे होते, हे आजी-आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. गंज त्यानंतरही काढता येईल.