नकुलपित्याची काळजी आणि आमची

आमच्या डाव्या हाताच्या मनगटापासून चार बोटे वर एक शीर दोरीसारखी फुगलेली आहे. तिच्यावर बोट ठेवले तर थरथर लागते आणि कान लावला तर घूं घूं असा आवाज येतो. आमची धाकटी सात वर्षांची आहे. शाळेत जाण्याआधी ती रोज आमच्या हाताला कान लावते आणि आईला ओरडून सांगते, "आई, बाबांची गिरणी चालू आहे!"

डॉक्टरांनी हातात केलेल्या या जोडाला फिस्टुला म्हणतात. धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिलेली असतात. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यात दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून धुऊन परत येते. चार तास लागतात. याला डायलिसिस म्हणतात, आणि हा शब्द आता आपल्या वस्त्यांमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही, ही काही आनंदाची गोष्ट नव्हे.

बंधू-भगिनींनो, दुखण्याचे रडगाणे गाण्यासाठी आम्ही लिहायला बसलो नाही. घरातला बाप कायमचा आजारी पडला म्हणजे त्या घरात काय बोलायचे आणि मुलांना काय सांगायचे, एवढ्यापुरतेच हे लिहिणे आहे. आम्ही स्वतः यात आधी चुकलो, म्हणून लिहितो आहोत.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. घरात मुलांची आई, बारावीला असलेला थोरला आणि ही धाकटी. आमचे वय सत्तेचाळीस. साखरेचा आजार आम्हाला अडतिसाव्या वर्षी लागला. तेव्हा आम्ही ठेकेदाराकडे वेल्डिंगचे काम करत होतो. गोळी आठवली तर घ्यायची, नाही तर राहून जायची. दिवसभर वाकून कंबर धरली की मेडिकलच्या दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची, कधी कधी दिवसाला दोन-दोन. साखर आणि रक्तदाब हे दोघे मिळून किडनी पोखरतात आणि दुखण्याच्या गोळ्या त्यात भर घालतात, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते असे म्हणालो तर ते खोटे होईल. सांगितले होते. एका तरुण डॉक्टरबाईंनी दोन वर्षांपूर्वी आमची लघवी आणि रक्त तपासून कागदावर लाल शाईने लिहून दिले होते, की किडनीच्या डॉक्टरांकडे ताबडतोब जा.

तो कागद आम्ही चार महिने डब्याच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. घरी दाखवला नाही.

थोरल्याची दहावी होती. शिकवणीची फी भरायची होती. बापाने आपले दुखणे सांगितले की घर खाली बसते, अशी आमची समजूत. त्यातच कामावरच्या एका सोबत्याने पुड्या देणाऱ्या एका गृहस्थाकडे नेले. त्याने सांगितले, इंग्रजी गोळ्या बंद करा, तीन महिन्यांत किडनी साफ होते. आम्ही बंद केल्या. अंगारा लावला नाही, गंडा बांधला नाही, म्हणून आम्ही स्वतःला बावीस प्रतिज्ञा पाळणारे शहाणे समजत होतो. पुडीसुद्धा अंगाऱ्याचीच बहीण असते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

पुढे पाय सुजले. मग तोंड सुजले. एका रात्री आडवे झाले की श्वास लागू लागला. शेजारच्या ऑटोत घालून थोरल्याने दवाखान्यात नेले आणि पहाटे पहिल्यांदा आमचे रक्त यंत्रातून फिरले. कपडे न्यायला म्हणून मुलांच्या आईने पिशवी रिकामी केली, तेव्हा तो कागद तिच्या हाती लागला. तिने तारीख वाचली. दवाखान्यात येऊन ती एवढेच म्हणाली, "चार महिने मला परकी समजले तुम्ही."

घरी आलो तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. खाटेजवळ येऊन तिने विचारले, "बाबा, तुम्ही मरणार का?"

शेजारच्या एका काकूंनी त्याच आठवड्यात मोठ्या मायेने नवस बोलायला सांगितले होते. त्यांचा आम्हाला राग नाही. त्यांच्या घरात अशा वेळी लेकराला सांगायला एक वाक्य तयार असते, देव बघून घेईल. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवरच्या त्या अफाट गर्दीत उभे होते. घरातले देव त्यांनी त्या दिवशी सोडले. तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात नाही. त्याच्या जागी दुसरे काय ठेवायचे, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता, कारण तशी वेळ आली नव्हती. आम्ही पोरीला म्हणालो, "छे गं, काही होत नाही मला." पंचशीलातले चौथे शील मोडले आणि उपयोगही झाला नाही. तिला ते खरे वाटले नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

त्या वर्षीच्या वर्षावासात आमच्या विहारात नेहमीप्रमाणे रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. आम्ही मागे भिंतीला टेकून बसत असू. एका संध्याकाळी वाचन झाल्यावर भंतेजींनी अंगुत्तर निकायातली नकुलपित्याची हकीकत सांगितली.

भग्ग देशात सुंसुमारगिरी म्हणून गाव होते. तिथे नकुलपिता नावाचा उपासक राहत असे. नकुलपिता म्हणजे नकुलचा बाप. बायको नकुलमाता, म्हणजे नकुलची आई. पोराच्या नावानेच ही दोघे ओळखली जातात. आम्हाला हे फार आवडले, कारण आमच्या गल्लीतही आम्हाला आमच्या नावाने कुणी हाक मारत नाही, थोरल्याचे बाबा म्हणूनच ओळखतात. तर हा नकुलचा बाप फार आजारी पडला. मरायला टेकला. तेव्हा त्याची बायको त्याच्याजवळ बसली. तुम्ही बरे व्हाल, असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, मनात काळजी घेऊन मरू नका, तसे मरण दुःखाचे असते आणि भगवंतांनी त्याची निंदा केली आहे. तुम्हाला वाटत असेल की माझ्यामागे ही मुलांना कशी पोसेल, घर कसे चालवील. पण मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते. मी मुलांना पोसेन आणि घर चालवीन. मग तिने एकेक सांगितले, की मी दुसरे घर करणार नाही, भगवंतांच्या आणि संघाच्या दर्शनाची ओढ माझी कमी होणार नाही, शील पाळीन, मन शांत ठेवीन, धम्मात माझे पाय घट्ट रोवलेले आहेत.

सुत्तात पुढे असे आहे की हे ऐकून नकुलपित्याचे दुखणे उतरले आणि तो काठी टेकत भगवंतांकडे गेला. भगवंत त्याला म्हणाले, अशी बायको तुला सल्ला द्यायला आहे, हा तुझा मोठाच लाभ आहे. आता किडनी काही बोलण्याने बरी होत नाही. आमचे नाव किडनी बदलण्याच्या प्रतीक्षा यादीत आहे, आणि तोवर यंत्र. पण त्या रात्री विहारातून येताना मुलांची आई वाटेत थांबली आणि म्हणाली, "मला कापूस कातता येत नाही, पण फॉल-पिको येते."

त्याच रात्री आम्ही लोखंडी पेटी उघडली. बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, घराच्या कराची पावती, थोरल्याचा जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे कागद, कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे, सगळे आम्ही तिला आणि थोरल्याला दाखवले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण विम्याचा हप्ता कधी भरतात हे तिला माहीत नव्हते, आणि ती तिची चूक नव्हती. थोरला म्हणाला, मी कॉलेज सोडतो, पार्सल पोचवायचे काम मिळते. आम्ही काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "तू शीक. मशीन मी चालवते." तेव्हापासून ती चालवते आहे. जून महिन्यात शाळेच्या गणवेशांचे काम असते, तेव्हा रात्री बारापर्यंत मशीनचा आवाज येतो. आम्ही काजे-बटणे करतो. उजवा हात मोकळा आहे. डाव्याने वजन उचलायचे नाही, त्यावर झोपायचे नाही, त्या हातात रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही.

धाकटीला आम्ही दोघांनी मिळून खरे सांगितले. बाबांचे रक्त आपोआप धुतले जात नाही, यंत्र ते धुते. यंत्र नसते तर बाबा नसते. अजून किती दिवस, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काही झाले तरी आई शिवेल, दादा शिकेल, तू शाळेत जाशील. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग माझ्या वेण्या कोण घालणार?" कारण सकाळी तिच्या वेण्या आम्ही घालतो. थोरल्याला आता ते काम शिकवले आहे. त्याची एक वेणी वर आणि एक खाली जाते.

सगळ्यात अवघड आहे ते पाणी. लघवी जवळजवळ बंद असल्यामुळे प्यालेले सगळे अंगातच साठते आणि छातीवर येते. म्हणून आमटी, चहा, गोळीबरोबरचा घोट, सगळे धरून दिवसाला एक लिटरच्या आत. मीठ जास्त झाले की तहान वाढते, म्हणून लोणचे-पापड बंद. पोटॅशियममुळे केळे, नारळपाणी बंद आणि नागपुरात राहून संत्रे बंद. मे महिन्यात माठाजवळून जाताना आम्ही तिकडे बघत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, म्हणून आज नळाचे पाणी आपल्या हक्काचे आहे. त्या पाण्याचा हक्क असून ते वाटीने मोजून प्यावे लागते, हे पहिल्या उन्हाळ्यात फार सलत असे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत जागोजागी थंड पाणी आणि सरबत वाटत होते. एका पोराने आमच्या हातात ग्लास दिला. आम्ही तो धाकटीला दिला, तिने तो पिऊन टाकला आणि आणखी एक मागितला.

बाबासाहेबांचे आजारपण आपण भाषणांत फार घाईने सांगून टाकतो. मधुमेह होता, पाय दुखत, तरी ते लिहीत राहिले, असे म्हटले की टाळ्या पडतात. पण ते बापही होते. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे त्यांनी गमावली, एकटे यशवंतराव वाचले. राजरत्न गेला तो १९२६ साली. आणि प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी दुखणे लपवून ठेवले नाही. डॉक्टरांचे उपचार घेतले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. प्रकृतीची देखभाल हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्या विवाहावरून समाजात पुढे जे वाद झाले, त्यात आम्हाला पडायचे नाही. आम्हाला एवढेच दिसते, की एवढ्या मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या हातून सेवा घेण्यात कमीपणा मानला नाही, आणि आम्ही वेल्डिंग करणारे, एक कागद पिशवीत दडवून बसलो.

ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात हे होते. सुरुवातीला किडनी दुखत नाही, म्हणून दुखेपर्यंत थांबू नये. कंबरेसाठी दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये. डायलिसिसची वेळ आलीच तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे. आमचे तसेच चालू आहे. सुट्टीचे पैसे मात्र कुणी देत नाही. ठेकेदाराने दुसऱ्या महिन्यातच हात वर केले.

उद्या मंगळवार. सातला यंत्रावर असायला हवे, म्हणजे सहाला निघायचे. मुलांच्या आईने डबा काढून ठेवला आहे, बटाट्याची भाजी, फोडी उकळून पाणी फेकून दिलेली. धाकटीने आमच्या बाटलीवर पेनाने रेघ मारून दिली आहे. पाणी त्या रेघेच्या वर गेले की ती स्वतः ओतून टाकते, आणि मग हाताला कान लावून झोपायला जाते.