चार वेळा दारू पिऊन गाडी चालवली, तरीही परवाना? इलिनॉयचा कायदा नेमका काय आहे?

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल चार वेळा दोषी ठरलेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंगवर बसू द्यावं का? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात यावर पूर्वी एकच उत्तर होतं: आजन्म बंदी. १ जानेवारी २०१६ पासून मात्र अशा व्यक्तीला 'मर्यादित परवान्या'साठी अर्ज करता येतो.

मर्यादित परवाना म्हणजे काय?

नोकरी, शिक्षण, डॉक्टरकडे जाणं किंवा व्यसनमुक्ती उपचार अशा ठरावीक कारणांसाठीच गाडी चालवण्याची ही परवानगी आहे. कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत आणि कोणत्या भागात गाडी चालवायची, हेही ठरवून दिलं जातं.

तो कोणाला मिळतो?

चौथ्यांदा दोषी ठरलेल्यांना परवाना रद्द झाल्यापासून किंवा तुरुंगातून सुटल्यापासून, यांपैकी जे नंतर घडलं असेल त्यानंतर पाच वर्षं थांबावं लागतं. किमान तीन वर्षं सलग दारू आणि अमली पदार्थांपासून दूर असल्याचं आणि उपचार पूर्ण केल्याचं सिद्ध करावं लागतं. परवान्याचा निर्णय राज्याच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' कार्यालयात सुनावणी होऊन घेतला जातो. इलिनॉयमध्ये वाहन परवान्यांचं काम याच कार्यालयाकडे आहे.

गाडीतलं यंत्र काय करतं?

गाडीत 'इग्निशन इंटरलॉक' बसवावं लागतं. चालकाने त्यात फुंकर मारायची. अल्कोहोलचं प्रमाण ०.०२५ टक्के किंवा त्याहून जास्त आढळलं, तर गाडी सुरूच होत नाही. तुलनेसाठी, राज्यातली सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आणि भारतातली ०.०३ टक्के आहे. दुसऱ्याच कोणी फुंकर मारू नये म्हणून कॅमेरा असतो. प्रवासातही मधूनमधून चाचणी द्यावी लागते.

मग सवलत द्यायचीच कशाला?

अमेरिकेत शहरांबाहेर बस-रेल्वेची सोय तुटपुंजी आहे. गाडी नसेल तर नोकरी टिकवणं कठीण होतं, त्यामुळे बंदी असलेले अनेक जण विनापरवाना गाडी चालवतात. त्यांच्यावर कुणाचंच लक्ष नसतं. मर्यादित परवान्यामुळे ते यंत्राच्या आणि सरकारच्या नजरेखाली येतात, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. विरोधकांचा सवाल वेगळा आहे: चार संधी वाया घालवलेल्याच्या पाचव्या संधीची किंमत रस्त्यावरच्या इतरांनी का मोजावी?

यंत्राचा उपयोग होतो का?

अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी ज्या संशोधन आढाव्याचा दाखला देते, त्यानुसार यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा अटक होण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं. यंत्र काढल्यावर हा परिणाम टिकत नाही. म्हणूनच या परवानाधारकांना यंत्र नसलेली गाडी चालवताच येत नाही. परवाना मिळाल्यानंतर ते पुन्हा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरले, तर तो रद्द होतो आणि पुन्हा अर्जही करता येत नाही.