‘फॅक्टरी ओव्हरक्लॉक’ लॅपटॉप म्हणजे काय? जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे समजून घ्या

इंजिनीअरिंग किंवा ॲनिमेशनला ॲडमिशन झाली की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. मुलांना गेमिंग लॅपटॉप हवा असतो. त्यात दुकानदार ‘हा फॅक्टरी ओव्हरक्लॉक्ड आहे’ म्हणत आणखी महागडं मॉडेल पुढे करतो. पण या शब्दामागे मिळतं काय?

नेमकं काय करतात?

प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. प्रोसेसर बनवणारी कंपनी त्याचा कमाल वेग ठरवून देते. भार आला की प्रोसेसर आपोआप त्या वेगापर्यंत जातो, त्याला टर्बो म्हणतात. हे ओव्हरक्लॉकिंग नव्हे. लॅपटॉप कंपनी त्या मर्यादेच्याही पुढचं सेटिंग करून विकते, ते फॅक्टरी ओव्हरक्लॉकिंग.

उदाहरण २०१८ चं. इंटेलच्या कोअर आय९-८९५०एचके प्रोसेसरचा कमाल टर्बो वेग होता ४.८ गिगाहर्ट्झ. डेलच्या एलियनवेअर लॅपटॉपमध्ये तो ५ पर्यंत नेलेला होता. ऐकायला मोठं वाटतं, पण वाढ जेमतेम ४ टक्के!

खरी अडचण उष्णतेची

वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग ४ टक्के आणि व्होल्टेज ५ टक्के वाढवलं, तर वीज साधारण १५ टक्के जास्त लागते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. वरच्या प्रोसेसरची तापमान मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे पंखे आणि हवा खेळायची जागा कमी पडली, तर वाढवलेला वेग काही क्षणच टिकतो.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. पंखे आधीच तापलेली हवा आत ओढतात, त्यामुळे ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. लाईट गेली तर बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीनं चालत नाही. अनेकांचे ॲडाप्टर २३० ते ३३० वॉटचे असतात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरची क्षमताही बघावी लागते.

घेताना काय बघायचं?

• वाढवलेला वेग एकाच कोअरवर मिळतो की सगळ्या?
• अर्धा तास भार दिल्यावर वेग किती राहतो? त्याच मॉडेलची चाचणी बघा.
• ओव्हरक्लॉक वॉरंटीत आहे का? लेखी घ्या. घरी स्वतः सेटिंग बदललं, तर वॉरंटी अडचणीत येऊ शकते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फसवणूक नाही. पण बजेट मोजकं असेल, तर तेच पैसे चांगलं ग्राफिक्स कार्ड, जास्त रॅम आणि चांगली कूलिंग असलेल्या मॉडेलवर घालवणं बहुतेकांच्या जास्त कामाचं ठरतं.