कर्करोगाची कड आणि ध्रुवित प्रकाश

कर्करोगाची गाठ काढताना शस्त्रवैद्यापुढचा खरा पेच गाठीचा नसतो, तिच्या कडेचा असतो. गाठ कोठे संपते आणि निरोगी अंग कोठे सुरू होते, हे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. थोडे मागे राहिले तर रोग उलटतो. मेंदूत जास्त कापले तर रोग्याची वाचा जाऊ शकते. तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो; पण त्यात २०-३० मिनिटे जातात, आणि उत्तर मिळते ते त्या तुकड्यापुरतेच.

येथे प्रकाशाचा एक जुना गुण उपयोगी पडू पाहत आहे. दोरीचे एक टोक खांबाला बांधून दुसरे हलवा. वर-खाली हलवा की डावी-उजवीकडे, लहर खांबाकडेच जाते. प्रकाशलहरींचेही तसेच आहे. सूर्यप्रकाशात सर्व दिशांची कंपने मिसळलेली असतात; त्यांतील एकाच दिशेची निवडली की तो ध्रुवित प्रकाश. पाण्यावर किंवा काचेवर आपटूनही प्रकाश ध्रुवित होतो, हे पॅरिसमध्ये मालुसने १८०८ साली ओळखले.

असा प्रकाश शरीरावर टाकला तर वरच्या थरातून लगेच परतणारे किरण आपली दिशा बरीचशी राखतात. खोल शिरून, ठेचा खात परतणारे ती गमावतात. मूळ दिशेच्या चित्रातून आडव्या दिशेचे चित्र वजा केले की खोलातला उजेड गळून वरचा थर स्पष्ट होतो. अमेरिकेत स्टीव्हन जॅक्स यांनी या वजाबाकीनेच त्वचेच्या कर्करोगाची कड शोधण्याचे प्रयोग केले.

मेंदूतील श्वेतद्रव्याचे तंतू तर कापडाच्या धाग्यांसारखे जुड्यांनी मांडलेले असतात. ती मांडणी ध्रुवित प्रकाशावर आपला ठसा उमटवते. गाठ पसरते तेथे मांडणी विसकटते आणि ठसा पुसट होतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आणि फ्रान्सच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये संशोधक चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी १६ आकडे काढून हा ठसा वाचतात. त्यासाठी रोग्याला कोणतेही रंगद्रव्य द्यावे लागत नाही.

अडचणी आहेतच. जखमेतले रक्त आणि ओला, उंचसखल पृष्ठभाग चित्र बिघडवतात. प्रकाशही फार खोल जात नाही. म्हणून ही पद्धत अजून संशोधनाच्या अवस्थेत आहे, आणि अखेरचा निर्णय सूक्ष्मदर्शकाचाच. पण कोठे थांबावे याची खूण सुरी चालत असतानाच मिळाली, तर तिचे मोल रोग्याला सांगावे लागणार नाही.