चाकांवरचं घर : तुम्हाला मानवेल का?

फायनल इयरच्या मंडळींना परदेशी युनिव्हर्सिटीची पत्रं यायला लागली की हॉस्टेलवर दोनच हिशेब ऐकू येतात. एक लोनच्या हप्त्याचा आणि दुसरा तिथल्या घरभाड्याचा. मग मेसच्या टेबलावर कुणीतरी हमखास म्हणतं, "भाडं कशाला भरायचं? एक जुनी व्हॅन घ्यायची, मागे गादी टाकायची, झालं घर! शनिवार-रविवार डोंगरात, सोमवारी लेक्चरला." सगळे हसतात, पण दोघं-तिघं हसत नाहीत. ते मनातल्या मनात खरंच हिशेब करत असतात. हा लेख त्या दोघा-तिघांसाठी.

या विषयावर मिळेल ते वाचलं आणि मग आपल्या सवयीप्रमाणे कागदावर गणित मांडलं. त्यातून निघालेलं उत्तर आधीच सांगून टाकते. कायमचं व्हॅनमध्ये राहणं जमेल की नाही, हे तुम्हाला प्रवास किती आवडतो यावर ठरत नाही. पाणी, वीज, हवा आणि जागा या चार गोष्टींचा रोजचा व्याप तुम्हाला सोसतो का, आणि कंटाळा आला तर परतायला एखादं दार उघडं आहे का, यावर ठरतं.

थोडा इतिहास

फोक्सवॅगनची 'टाइप २' व्हॅन १९५० साली बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायचं झोपण्या-खाण्याचं सामान काढलं. कॅम्पर व्हॅनची लोकप्रियता साधारण तिथून सुरू होते. १९६० साली जॉन स्टाइनबेक हा प्रसिद्ध अमेरिकन लेखक ट्रकवर छोटी खोली बसवून, चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला. त्यावरचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ साली आलं. पुढे २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन या तरुणाने न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये मुक्काम हलवला, फोटो टाकायला लागला आणि 'व्हॅनलाइफ' हा शब्द जगभर झाला.

एक गोष्ट मात्र आपण विसरतो. स्टाइनबेक काही महिन्यांनी घरी परतला होता. त्याला घर होतं!

बाउंड्री कुठे काढायची?

थर्मोच्या पहिल्याच लेक्चरला सर सांगतात, "आधी सिस्टिम बाउंड्री काढा." इथेही तेच करू या.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उदाहरण केन इलगुनास याचं. या अमेरिकन मुलाने पदवीच्या शिक्षणाचं ३२,००० डॉलरचं कर्ज अलास्कात मिळेल ती कामं करून फेडलं. पुन्हा कर्ज नको म्हणून २००९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीत शिकायला जाताना त्याने १५०० डॉलरना १९९४ सालची फोर्ड इकोनोलाइन व्हॅन घेतली आणि पार्किंग लॉटमध्ये राहून शिक्षण पुरं केलं. 'वॉल्डन ऑन व्हील्स' (२०१३) या पुस्तकात त्याने हे सगळं लिहिलंय. वाचायला भारी वाटतं. पण तो आंघोळ कुठे करायचा? कॅम्पसच्या जिममध्ये. लॅपटॉप चार्जिंग आणि इंटरनेट? लायब्ररीत. म्हणजे त्याची व्हॅन ही नुसती बेडरूम होती. बाकीचं घर युनिव्हर्सिटीचं होतं.

आता आपल्याकडे बघा. तीन जणांत एक खोली, एक कपाट, पलंगाखाली ट्रंक. जागेच्या बाबतीत हॉस्टेलवाले व्हॅनसाठी आधीच ट्रेन झालेत! पण टाकीत पाणी चढवायला मामा आहेत, जेवण मेसच्या मावशी करतात, फ्यूज उडाला तर इलेक्ट्रिशियन येतो, आणि रात्री दोन वाजता "इथून गाडी काढा" म्हणायला कुणी येत नाही. व्हॅनमध्ये हे सगळे म्हणजे आपणच.

पहिला हिशेब : पाणी

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं असा आपल्याकडचा नियोजनाचा आकडा आहे. व्हॅनमध्ये ८० लिटरची टाकी म्हणजे बरी मोठी. ते एक दिवसाचंही पाणी नाही! रोज १० लिटरमध्ये भागवलं तर आठ दिवस जाईल. १० लिटर म्हणजे पिणं, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं सगळं मिळून. अंघोळ बाहेर.

शिवाय ८० लिटर म्हणजे ८० किलो वजन. गादी, कपाटं, बॅटरी, गॅस, कपडे, पुस्तकं आणि आपण स्वतः हे सगळं धरून गाडी कंपनीने ठरवलेल्या एकूण वजनाच्या आतच राहायला हवी. नाहीतर ब्रेक आणि टायर दगा देतात. आणि शुद्ध पाणी संपलं की काम संपत नाही. सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची पेटी ठरलेल्या जागीच रिकामी करायची असते. ज्याला हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं असं वाटतं, त्याने इथेच विषय बंद करावा.

दुसरा हिशेब : वीज

समजा १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, १२.८ व्होल्टची. म्हणजे १२८० वॅट-अवर. मी एका माणसाचा दिवसाचा खर्च असा धरला : छोटा फ्रिज ५००, लॅपटॉप (६० वॅट, ५ तास) ३००, पंखा (२५ वॅट, ८ तास) २००, दिवे आणि मोबाइल ८०. एकूण १०८०. बसलं की! पण छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल असेल, पाच तास चांगलं ऊन मिळालं आणि पाव हिस्सा वाया गेला, तर हाती येतात ७५०. म्हणजे उन्हाच्या दिवशीही ३३० ची तूट. आभाळ आलं तर विचारूच नका. मग एकतर पॅनल वाढवा, नाहीतर इंजिन चालवून बॅटरी भरा.

आता वॉर्डन मॅडम दर सेमिस्टरला जप्त करतात तो हीटिंग रॉड घ्या, १५०० वॅटचा. पूर्ण भरलेली बॅटरी तो पन्नास मिनिटांत संपवेल. १५ लिटरची बादली २५ अंशांनी तापवायलाच सुमारे ४४० वॅट-अवर लागतात, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा एका अंघोळीत! एसीचं तर नावच काढू नका. म्हणून व्हॅनवाले स्वयंपाक बहुधा गॅसवर करतात.

तिसरा हिशेब : हवा

व्हिडिओत हे कधी दिसत नाही. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दहा बाय दहाच्या खोलीत ते जाणवत नाही. बंद व्हॅनमध्ये तेच पाणी थंड पत्र्यावर आणि काचांवर जमतं, गादीखाली उतरतं आणि बुरशी धरते. गॅसचं पाणी वेगळंच. प्रोपेनचं समीकरण मांडून बघा : ४४ ग्रॅम प्रोपेन जळला की ७२ ग्रॅम पाणी. एक किलो गॅसमागे एक किलो सहाशे ग्रॅमहून थोडं जास्तच!

त्यामुळे थंडीतसुद्धा छताचा पंखा चालू ठेवावा लागतो आणि खिडकी थोडी उघडी. स्वयंपाकाच्या शेगडीवर व्हॅन गरम करणं तर साफ चूक. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्याचा अलार्म ही हौस नव्हे, गादीइतकीच गरज आहे. उन्हाळ्यात उलटा त्रास. काचा बंद ठेवून उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी तापू शकते.

चौथा हिशेब : जागा आणि पत्ता

माझ्या मते हाच हिशेब सगळ्यांत अवघड. अमेरिकेत पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारची प्रचंड मोकळी जमीन आहे. तिथे फुकट मुक्काम करता येतो, पण साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस. मग पुढे हलायचं. आणि ही जमीन कॉलेजच्या गेटबाहेर नसते, ॲरिझोना-नेवाडाच्या माळावर असते. शहरात रात्री गाडीत झोपायचं तर प्रत्येक गावाचा नियम वेगळा. २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला, की सार्वजनिक जागेत मुक्काम टाकणाऱ्यांना शहरं दंड करू शकतात. त्यामुळे उद्या रात्री कुठे, हा प्रश्न रोज संध्याकाळी नव्याने पडतो.

विद्यार्थ्यांना आणखी एक अडचण. एफ-वन व्हिसावर गेलेल्याला आपण प्रत्यक्ष राहतो तो पत्ता कळवावा लागतो, आणि पत्ता बदलला तर दहा दिवसांत. "पार्किंग लॉट नंबर चार, झाडाखाली" असं फॉर्मवर लिहून चालत नाही. इलगुनास तिथला नागरिक होता. आपल्या व्हिसावर आपलं आख्खं लोन उभं असतं.

खर्चाचं म्हणाल तर भाडं वाचतं हे खरं. पण इंधन, इन्शुरन्स आणि दुरुस्ती वाढते. आणि गाडी गॅरेजला गेली की घरच गॅरेजला गेलं! त्या चार दिवसांच्या लॉजचे पैसे बाजूला नसतील तर हा उद्योग करू नये. मुलींसाठी एक जास्तीची गोष्ट : रात्री खाली न उतरता झोपायच्या जागेवरून थेट स्टिअरिंगवर जाता आलं पाहिजे आणि गाडीचं तोंड बाहेर निघायच्या दिशेने हवं.

हौस की नाइलाज?

'नोमॅडलँड' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं पुस्तक २०१७ चं, चित्रपट २०२० चा. २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. नेवाडातल्या एम्पायर गावातला कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि गावाचा पिनकोडच रद्द झाला, तिथून गोष्ट सुरू होते. पुस्तकातली बरीच माणसं साठी-सत्तरीची आहेत. पेन्शनमध्ये घरभाडं बसत नाही म्हणून ती गाडीत राहायला लागली. सणाच्या हंगामात गोदामात काम, उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडची राखण आणि ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाकडे शुगर बीटची काढणी.

बीटच्या साखरेपाशी मी थांबले. कारण साखरेमागे घर हलवणारी माणसं आपल्याला नवीन नाहीत. दसरा झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन निघतात आणि पट्टा पडेपर्यंत फडाजवळ कोपीत राहतात. त्यांचे फोटो कुणी 'स्वातंत्र्य' म्हणून टाकत नाही. हलतं घर दोन्हीकडे आहे. पण स्वतःच्या मर्जीने निघणं आणि निघावं लागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण ते चार दिवसांच्या सहलीसाठी. कायम राहण्यासाठी नाही. घरच्या जुन्या व्हॅनला हौसेने कापाकापी करणाऱ्यांनी मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यात बसणारी गाडीच रस्त्यावर आणावी.

घरबसल्या परीक्षा

ज्यांना अजूनही खुमखुमी आहे त्यांनी एक आठवडा एवढं करून बघा. सकाळी १० लिटर पाणी मोजून घ्या, दिवसभर नळाला हात लावायचा नाही. खोलीतला प्लग बंद. चार्जिंग फक्त लायब्ररीत. सामान एका ट्रंकेत मावेल तेवढंच. कॉरिडॉरमधल्या गप्पा बंद, कारण व्हॅनमध्ये शेजारची खोली नसते. आणि रोज संध्याकाळी सात वाजता गादी गुंडाळून वेगळ्या मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या खोलीत विचारायला जायचं, "आज इथे झोपू का?" सातव्या दिवशीही मजा वाटली तर तुम्हाला ते मानवेल. तिसऱ्या दिवशी चिडचिड झाली तर सुट्टीत आठवडाभर भाड्याची व्हॅन घ्या आणि परत या. त्यात कमीपणा काही नाही.

माझं विचाराल तर नोकरी लागल्यावर सहा महिने मला हे नक्की आवडेल. कायमचं नाही. मला रोज तीच चार माणसं दिसायला लागतात. आणि लोनच्या पैशावर शिकायला जाताना तर मुळीच नाही. चार जणांत मिळून घेतलेला फ्लॅट फोटोत चांगला दिसत नाही, पण त्याला पत्ता असतो. व्हॅन घ्यायचीच असेल तर हातात डिग्री, बँकेत चार पैसे आणि परतायला एक किल्ली असताना घ्या.